बोटांच्या वळ्या फोटोत याव्यात म्हणून

चाकावर घडवलेल्या भांड्याच्या पोटावर बारीक आडव्या वळ्या असतात. ओली माती वर खेचताना बोटांनी उठवलेल्या. भांडं हातात घेतलं की त्या स्पर्शाला लगेच कळतात; फोटोत मात्र त्या बाजूने आलेल्या उजेडातच दिसतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला, की वळीही जाते आणि तिची सावलीही जाते. मग हाताने केलेला मग आणि साच्यातून काढलेला मग यांत फरक उरत नाही. कुंभाराच्या मेहनतीवर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

मी पुण्यात राहते. इथल्या स्टुडिओ पॉटरी करणाऱ्यांची भांडी आणि मुंढव्याकडच्या केशवनगरातल्या कुंभारांचे माठ, पणत्या, दोन्हींचे फोटो काढते. सगळं सामान जेवणाच्या टेबलावर मावतं: एक दिवा, ट्रेसिंग पेपर, एक पांढरा आणि एक काळा पुठ्ठा, मागे भिंतीवरून टेबलावर घडी न पाडता सोडलेला राखाडी कागद, आणि ट्रायपॉड. दुसरा दिवा का नाही, असं सगळे विचारतात. दोन दिव्यांनी दोन सावल्या पडतात, त्या एकमेकींना छेदतात आणि भांड्याची गोलाई मरते. एकाच दिव्याने उजेडाकडून सावलीकडे हळूहळू उतरणारी छटा मिळते, आणि पोट किती फुगलंय ते ती छटाच सांगते.

दिवा डावीकडे, भांड्यापेक्षा जरा उंच आणि किंचित मागे ठेवायचा. दिवा आणि भांडं यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर ताणून लावायचा. आता उजेड दिव्यातून नव्हे, त्या उजळलेल्या कागदातून येतो. उजेड मऊ की कठोर, हे भांड्याच्या जागेवरून तो किती मोठा दिसतो यावर ठरतं. सूर्य प्रचंड आहे, पण इथून तो लहानसा दिसतो, म्हणून उन्हातली सावली धारदार पडते. दोन फुटी कागद भांड्यापासून फूटभरावर आणला तर सावलीची कड विरघळते. कागद लांब नेला की ती पुन्हा टोकदार होते. उजवीकडे पांढरा पुठ्ठा धरायचा. तो जवळ आणू तशी अंधारी बाजू उजळते. मी तो अंमळ लांबच ठेवते, कारण सावली पूर्ण भरली की वळ्या परत सपाट.

खरी कसोटी झिलईच्या भांड्याची. झिलई म्हणजे भट्टीत वितळून मातीला चिकटलेली काच. त्यात गोल भांडं म्हणजे बहिर्वक्र आरसाच. त्यात खिडकी, छतावरची ट्यूब, फोटो काढणाऱ्याचा पांढरा सदरा, सगळं उमटतं. म्हणून मी गडद कपडे घालते आणि खोलीतले बाकीचे दिवे घालवते. चकाकी पूर्ण काढून टाकायची नसते. ती गेली की झिलईचा ओलेपणा जातो. पोलरायझर फिल्टर नेमकं हेच करतो, म्हणून झिलईखालची रंगवलेली नक्षी स्पष्ट हवी असेल तेव्हाच मी तो लावते. एरवी भांड्याच्या खांद्यावरून खाली उतरणारी एक लांबट, मऊ कडांची चकाकी पुरते. ती हवी तिथे बसेपर्यंत कागद सरकवत राहायचं. याला वेळ लागतो, आणि तो द्यावाच.

बिनझिलईच्या माठाला ही अडचण नाही. तिथे दिवा आणखी मागे न्यावा, म्हणजे उजेड पृष्ठभागाला घासत जातो आणि थापटण्याचे ठसे उठून दिसतात. उत्तर प्रदेशातल्या निजामाबादची काळी, रुपेरी नक्षीची भांडी नेमकी उलट. काळ्यावर सावली दिसत नाही, तिथे आकार उभा राहतो तो प्रतिबिंबांतूनच. म्हणून दोन्ही बाजूंना पांढरा पुठ्ठा लागतो. पांढरं भांडं फिक्या कागदावर हरवत असेल तर चौकटीच्या बाहेर, कडेला काळा पुठ्ठा उभा करावा. कडेवर एक गडद रेघ येते.

दिवा नसेल तर खिडकी चालते. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, हे आपल्याकडे वर्षभर खरं नाही. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो, तेव्हा तिथेही ट्रेसिंग पेपर लावावा. पावसाळ्यातलं भरलेलं आभाळ मात्र फुकटचा मोठा कागदच. खिडकी आणि बल्ब एकत्र नकोत. दिवसाचा उजेड साधारण 5500 केल्विनचा, पिवळा बल्ब 2700 ते 3000 चा. दोन्ही मिसळले की सेलाडॉनची हिरवट झिलई एका बाजूने निळसर, दुसरीकडून मळकट दिसते. घेणारा रंग पाहून पैसे देतो, त्याला तोच रंग मिळायला हवा.

मोबाइल असो वा कॅमेरा, भांड्याच्या फार जवळ जाऊ नये. जवळून काठ फुगतो आणि बूड आक्रसतं. दोन पावलं मागे सरून झूम करावं. कॅमेऱ्यावर एफ 8 ते 11, आयएसओ 100 आणि दोन सेकंदांचा टायमर. शटर कितीही सावकाश चालो, भांडं हलत नाही. कॅमेरा काठाच्या जरासा वर असावा, म्हणजे तोंडाची अरुंद लंबवर्तुळाकार रेषा दिसते. वाडग्यासाठी आणखी वर, कारण त्याची सगळी गंमत आत असते.

आणि बुडाचा एक फोटो घ्यायचाच. भांडं पालथं घालावं, दिवा खाली आणावा. झिलई कुठे थांबली, उघडी माती कोणत्या रंगाची आहे, बूड किती नेटकं कोरलंय, कुंभाराचा शिक्का कुठे आहे, सगळं तिथे असतं. जाणकार माणूस भांडं हातात आलं की आधी तेच उलटून बघतो.