व्हिडिओ गेममधील ‘क्लास’ कायमचा असावा काय?

दापोडीपासून निगडीपर्यंत आणि भोसरीपासून पार चाकणपर्यंत आपल्या वस्त्यांतून कुठेही फिरा, संध्याकाळी कट्ट्यावर चार-सहा पोरे मोबाईलमध्ये मान घालून बसलेली दिसतात. पालकांची तक्रार ठरलेली असते, पोरगं हाताबाहेर गेलं. तक्रार अगदीच खोटी नाही. पण ही पोरे खेळता खेळता ज्यावरून भांडतात, ते पालकांनी एकदा कान देऊन ऐकावे असे आमचे सांगणे आहे. कारण त्यातले एक भांडण थेट आपल्या घरातले आहे. खेळात पात्राचा ‘क्लास’ एकदा ठरला की तो कायमचा असावा, की बदलता यावा, हे ते भांडण होय.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे जरूर आहे. ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणजे सोंग घेऊन खेळावयाचा खेळ. आपण एक पात्र घ्यायचे. ते सुरुवातीला दुबळे असते. लढाया करून, सोपवलेली कामे पार पाडून ते अनुभव कमावते आणि एकेक पायरी वर चढते. यातील पुष्कळ खेळांत पहिल्याच पडद्यावर विचारले जाते, तू कोण? योद्धा, मांत्रिक, वैद्य, तिरंदाज की चोर? योद्ध्याला जड चिलखत मिळते, पण मंत्र मिळत नाही. मांत्रिकाला मंत्र मिळतो, पण तलवार पेलत नाही. हाच त्याचा क्लास. (शिकवणीचा क्लास नव्हे. त्याचे नाव काढले तर कट्टा रिकामा होतो.)

या खेळांचे मूळ कॉम्प्युटरमध्ये नाही, कागद-पेन्सिल आणि फाशांत आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. त्यात क्लास तीनच होते. लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. चोर पुढल्या वर्षी आला. आता आमच्या वाचकांनी पुढची गोष्ट नीट वाचावी. त्या खेळात माणसांखेरीज ड्वार्फ म्हणजे बुटके, हॉबिट, एल्फ अशी काल्पनिक कुळेही होती. सुरुवातीच्या नियमांत ड्वार्फाला फक्त लढवय्या होता येत असे, आणि तेही सहाव्या पायरीपर्यंतच. हॉबिटाला चौथ्या पायरीपर्यंत. माणसाला मात्र असा अडसर नव्हता. १९७८ च्या नियमपुस्तकात तर स्त्री-पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा खाली ठेवलेली होती. १९८१ च्या सोप्या आवृत्तीत ड्वार्फ असणे हाच क्लास झाला. म्हणजे जन्म हाच पेशा!

हे नियम करणाऱ्यांनी आपल्याकडच्या पोथ्या वाचल्या होत्या असे नव्हे. खेळात माणूसपात्राचे महत्त्व राहावे, एवढाच त्यांचा हिशेब होता. पण जिथे हवे ते कल्पावे अशी मोकळीक, तिथेसुद्धा डोक्यातून पहिली निघाली ती जन्मावरून ठरणारी पायरी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. स्त्रियांवरची मर्यादा १९८९ मध्ये गेली. कुळावरून क्लास आणि पायरी ठरवण्याचे बंधन २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत उठले आणि कोणत्याही कुळाच्या पात्राला कोणताही क्लास घेता येऊ लागला. २०२४ च्या पुस्तकात तर ‘वंश’ हा शब्दच काढून टाकला. म्हणजे एका खेळाला ही गाठ सोडवायला पन्नास वर्षे लागली.

यावर पोरांचे उत्तर तयार असते. “काका, आता तर जन्माचा प्रश्नच नाही. क्लास आपणच निवडतो. मग तो कायमचा असला तर बिघडले कुठे?” हा प्रश्न वरवरचा नाही. बाबासाहेबांपुढेही हाच प्रश्न वेगळ्या वेशात आला होता. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात त्यांनी जातिप्रथा ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे दाखवून दिले. ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी आर्यसमाजी मंडळींचाही समाचार घेतला आहे. ते म्हणत होते की आमचे चातुर्वर्ण्य जन्मावर नाही, गुणावर आहे. बाबासाहेबांनी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचे उदाहरण घेऊन तेही नाकारले. माणसे इतकी निरनिराळी आहेत, एकाच माणसात इतक्या परीचे कल आहेत, की त्यांना तीन-चार ठरीव खणांत कोंबताच येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. खण जन्माने ठरवा की गुणाने, खणाचा दोष उरतोच.

अर्थात खेळातला क्लास म्हणजे जात नव्हे. मांत्रिक झालो म्हणून कोणी पाणवठ्यावरून हाकलत नाही, आणि खेळ नकोसा झाला तर मोबाईल बंद करता येतो. जातीचे दुःख इतके स्वस्त करून कुठेही चिकटवू नये. आम्ही तुलना करतो ती फक्त एका बाबतीत. सोळाव्या वर्षी, अपुऱ्या माहितीवर घेतलेला निर्णय माणसाला किती काळ बांधून ठेवू शकतो?

‘डायब्लो २’ हा खेळ २००० साली आला. त्यात सुरुवातीला पाच क्लास होते, आणि कोणते पात्र पुरुष, कोणते स्त्री, हेही क्लासबरोबरच ठरलेले. पायरी चढली की एक गुण मिळे आणि तो कोणत्या तरी विद्येवर खर्च करावा लागे. तो चुकीच्या ठिकाणी गेला तर परत मिळण्याची सोय नव्हती. कित्येक तास खेळून तयार केलेले पात्र टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. हे गुण परत घेण्याची सोय खेळात आली २०१० मध्ये. दहा वर्षांनी!

याच्या दुसऱ्या टोकाला २०११ चा ‘स्कायरिम’ आहे. त्यात क्लासच नाही. अठरा कसबे आहेत, जे वापराल ते वाढते. हातोडा चालवला की लोहारकाम सुधारते, धनुष्य ओढले की नेम सुधारतो. ऐकायला किती छान! पण तो खेळलेली मंडळी सांगतात, की शेवटी जो तो लपून बाण मारणाराच होतो, कारण ते सोपे पडते. सगळे सगळ्यांसाठी खुले असले, तरी वाटा वेगळ्या होतीलच असे नाही.

कायम क्लासच्या बाजूने जे बोलतात, त्यांचा खरा आधार संघात आहे. दहा जणांनी मिळून एक मोठी लढाई मारायची, तर एकाने मार झेलायचा, एकाने जखमा भरायच्या, बाकीच्यांनी हल्ला करायचा. वैद्याशिवाय संघ मरतो, म्हणून वैद्याला मान आहे. मुद्दा बरोबर आहे. पण त्यासाठी क्लास कायमचा असावा लागतो काय? आपली कबड्डीच पाहा. सात जणांत कोणी चढाईपटू, कोणी कोपरारक्षक, कोणी मध्यरक्षक. प्रत्येकाची जागा पक्की, जबाबदारी पक्की. पण कोपऱ्यावरच्या गड्याने चढाईला जाऊ नये, असा नियम कोणत्याही पुस्तकात नाही. पाय चालत असतील तर तो जातो. जागा कसबाने मिळते आणि कसबाने बदलते.

आता कारखान्याकडे वळतो, कारण या भांडणाची दुसरी बाजू तिथे दिसते. चाकण, तळवडे, भोसरी इथल्या कारखान्यांतल्या पुष्कळ वाचकांना लाईनच्या टोकाला टांगलेला ‘स्किल मॅट्रिक्स’चा फळा ठाऊक असेल. एका बाजूला कामगारांची नावे, वर स्टेशनांची, आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचे वर्तुळ. शिकायला लागला की पाव वर्तुळ, देखरेखीखाली काम करू लागला की अर्धे, एकट्याने जमले की पाऊण, आणि दुसऱ्याला शिकवू शकला की पूर्ण. हा जणू क्लास नसलेल्या खेळाचाच फळा. जो शिकेल त्याचे वर्तुळ भरेल.

पण वर्तुळ भरले म्हणून पगाराची स्लिप बदलते का? किमान वेतनाच्या कोष्टकात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे प्रकार असतात. कागदावर हेल्पर आणि हातात फिटरचे काम, ही अवस्था किती घरांत आहे ते वाचकांनीच आठवावे. ठरीव वर्गाचा इथे एक उपयोग आहे. मोरवाडीच्या आयटीआयमधून फिटरची दोन वर्षे किंवा वेल्डरचे एक वर्ष करून बाहेर पडलेल्या पोराच्या हाती एक नाव असते. त्या नावाला दर असतो. तुला काय येते, असे त्याला कोणी सहज धुडकावू शकत नाही. नाव पुसून टाकून ‘सगळ्यांनी सगळे करा’ म्हणणारा मालक नेहमीच कामगाराचा मित्र असतो, असे समजण्याचे कारण नाही. वर्ग मोडताना कामाचे नाव आणि दाम मोडू नये.

म्हणून आम्हाला ‘फायनल फँटसी’ या जपानी खेळमालिकेतला मार्ग अधिक पटतो. तिच्या १९९० च्या तिसऱ्या भागातच पात्राला धंदा बदलण्याची सोय होती. चौदाव्या भागात तर एकच पात्र हातातले हत्यार बदलून दुसरा पेशा घेऊ शकते. नवा पेशा खालच्या पायरीपासून शिकावा लागतो, फुकट मिळत नाही. पण जुन्यात कमावलेले पुसले जात नाही. परत ते हत्यार उचलले की तो परत तिथेच. नाव आहे, मान आहे, मेहनत आहे आणि दारही उघडे आहे. नव्या खेळाडूला सुरुवातीला अठरा कसबांसमोर उभे करून गोंधळवण्यापेक्षा, एक क्लास हाती देणे आम्हाला गैर वाटत नाही. फक्त तो पहिला असावा, शेवटचा नसावा.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला, तो काटेकोरपणे या प्रकारात बसत नाही. पण त्यातली नायिका सर्कशीत कसरती करणारी पोर आहे, आणि भावाला सोडवायला निघालेली ती पोर आधी त्रिशूळ, मग धनुष्य चालवू लागते. तू कसरतवाली, तुझा क्लास अमुक, असे तिला कोणी विचारत नाही. आपल्या मुलींनी पाहावा असा खेळ आहे.

आणखी एक बाब पालकांसाठी. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ पासून चालू असलेल्या खेळात पात्राचा वंश पैसे भरून बदलून मिळतो. क्लास मात्र पैसे देऊनही बदलत नाही, त्यासाठी नवे पात्रच करावे लागते. इतर कंपन्यांचे हिशेब वेगवेगळे असतात. कुठे बदल मेहनतीने मिळतो, कुठे फुकट, कुठे विकत. घरच्या मोबाईलला कर्त्या माणसाचे बँक खाते जोडलेले असेल, तर आपल्या पोराच्या खेळात हा बदल कशाने मिळतो, एवढे त्याच्याकडून आधी समजून घ्यावे. तो आनंदाने सांगेल. त्याला या विषयावर बोलायला घरात कोणी भेटत नसते.