डबीच्या झाकणाने दिलेली साक्ष

लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात रुग्णालयातले मोठे उपचार संपले, की पुढे बराच काळ घरीच 6-मर्कॅप्टोप्युरिनची गोळी रोज घ्यावी लागते. गोळी तशी स्वस्त. पण ती वरचेवर चुकली तर रोग उलटण्याची शक्यता वाढते आणि मग प्रकरण अस्थिमज्जा प्रत्यारोपणापर्यंत जाऊ शकतं. त्या खर्चात घर धुऊन निघतं.

तरीही तरुण रुग्ण गोळ्या चुकवतात. सोबतचे मित्र कॉलेजात पुढे गेलेले, आईचं ‘घेतलीस का?’ दिवसातून तीनदा, आणि आता कुठे बरं वाटतंय तर रोज आजाराची आठवण करून देणारी ही गोळी! याला बेपर्वाई म्हणणं मला तरी पटत नाही.

या चुकणाऱ्या गोळ्यांवर एक वेगळाच उपाय निघाला, तो व्हिडिओ गेममधून. अमेरिकेतल्या पॅम ओमिडियार या एका प्रयोगशाळेत संशोधन साहाय्यक होत्या आणि व्हिडिओ गेमच्या शौकीनही. 2001 साली त्यांनी ‘होपलॅब’ ही संस्था काढली आणि 2006 मध्ये तिचा ‘री-मिशन’ हा गेम आला. त्यात रॉक्सी नावाची इवलीशी यंत्रकन्या रुग्णाच्या शरीरात शिरते, कर्करोगाच्या पेशींवर केमोचा मारा करते, जंतूंशी लढते. गेम रुग्णांना फुकट वाटला गेला.

नवल पुढेच आहे. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या 34 केंद्रांत 13 ते 29 वर्षांच्या 375 रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. काहींना नुसता इंडियाना जोन्सचा गेम दिला, काहींना त्याच्या जोडीला री-मिशन. संसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या प्रतिजैविकाची डबी कधी उघडली, याची नोंद झाकणातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने ठेवली. काही जणांच्या रक्तातलं 6-मर्कॅप्टोप्युरिनही तपासलं. 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. री-मिशन खेळणाऱ्यांनी प्रतिजैविक 16 टक्के अधिक नियमितपणे घेतलं होतं, आणि कर्करोगाच्या गोळीतही ते सरस ठरले. आजाराची माहिती वाढली, ‘हे मला जमेल’ हा विश्वासही वाढला.

मनावरचा ताण मात्र तसाच राहिला. जगण्याच्या गुणवत्तेतही फरक दिसला नाही. तिथे गेमचं काही चाललं नाही. ते काम समुपदेशकाचंच.

गंमत म्हणजे, ‘औषध नियमित घेता का?’ असं विचारल्यावर दोन्ही गटांची उत्तरं सारखीच निघाली. फरक कळला तो झाकणाला आणि रक्ताला.