रोज एक ‘रात्र’, ४२ दिवसांत एक पुस्तक : गावात वाचनाचा संकल्प कसा टिकवायचा?

सोलापूर : १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. राज्यात २०१५ पासून तो ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळेत पुस्तकं मांडली जातात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी कपाटाला पुन्हा कुलूप, असं बऱ्याच ठिकाणी होतं. दहावी-बारावीनंतर शाळा सुटली की पुस्तकही सुटतं. मग ‘यंदा पन्नास पुस्तकं वाचणार’ असा संकल्प कोणी केला, तरी तो पेरणीच्या घाईत कुठे जातो ते कळत नाही.

पारायणातून काय शिकायचं?

वाचनाचा संकल्प आपल्या गावांना नवा नाही. सप्ताहात ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय, सुमारे ९ हजार ओव्या, सात दिवसांत वाचून होतात. एवढं वाचन एकट्याने घरी होत नाही, मग मंडपात कसं होतं? रोज किती वाचायचं ते ठरलेलं असतं, वेळ ठरलेली असते आणि शेजारी वाचणारा असतो. रात्री कीर्तनात त्यावर बोललं जातं. ज्याला वाचता येत नाही, तोही ऐकायला बसतो. हीच पद्धत इतर पुस्तकांनाही चालते.

सुरुवात कोणत्या पुस्तकाने?

साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ यासाठी सोयीचं आहे. गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये उपोषणाला बसले ते हेच साने गुरुजी. पुस्तकात ४२ ‘रात्री’ आहेत. श्याम रोज रात्री सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो, त्यामुळे ते मोठ्याने वाचायला बरं पडतं. रोज एक रात्र वाचली तर बरोबर सहा आठवडे लागतात. ४ सप्टेंबरला सुरुवात केली तर शेवटची रात्र १५ ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनालाच येते.

खर्चही नाही. गुरुजींचं निधन १९५० मध्ये झालं, त्यामुळे पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपला आहे. ते मोबाईलवर मोफत वाचता येतं.

बसायचं कसं?

– पाच-सात जण पुरे. देऊळ, शाळेचा व्हरांडा, कोणाचीही ओसरी चालेल.
– वेळ एकच ठेवा. जेवणानंतरची वेळ ठेवली तर बायकांना आणि पोरांनाही येता येतं.
– वाचणारा रोज बदला. अडखळत वाचणाऱ्याला मध्येच थांबवू नका, हसू नका.
– एखाद्या दिवशी खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दोन रात्री वाचा. पण संकल्प मोडला म्हणून सोडून देऊ नका.

वाचून झाल्यावर काय बोलायचं?

‘पुस्तक छान आहे’ म्हटलं की बोलणं संपतं. त्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. आज कोणता प्रसंग मनात राहिला? कुठे पटलं नाही? असं आपल्या घरात, गावात कधी घडलं का? तिसऱ्या प्रश्नाला म्हातारी माणसंही बोलती होतात. ‘आईने असं वागायला नको होतं’ असं एखादी पोरगी म्हणाली, तर तिला गप्प करू नका. एकाच पानावर दोघांची मतं वेगळी असणं, हाच सोबत वाचण्याचा फायदा आहे. कामामुळे जो येऊ शकला नाही, त्याने एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला तरी चालतं.

पुढचं पुस्तक?

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. कादंबरी छोटी आहे आणि त्यातला माणदेश सांगोल्याच्या लोकांना वेगळा सांगावा लागत नाही. त्यानंतर शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन. लेखक अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. ही पुस्तकं गावातल्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात मागा. मागणारा असला, तरच कपाटाचं कुलूप निघतं.