दाब जातो कोठे?

दिवाळी सरून विदर्भात आणि खानदेशात कापसाच्या गाड्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात रांगा लावू लागल्या, की तेथील गाठी बांधणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसला उसंत म्हणून मिळत नाही; आणि नेमक्या त्याच धामधुमीत फिटरच्या तोंडून ती ठरावीक तक्रार ऐकू येते, की मोटार फिरते आहे, टाकीत तेल आहे, पण प्रेशर येत नाही. सुमारे 170 किलो रुईची गाठ मग जेवढी आवळली जावयास हवी तेवढी आवळली जात नाही, पट्ट्या बसत नाहीत, आणि मालकाचा पहिला हुकूम सुटतो तो बहुधा पंप बदलण्याचा.

हा हुकूम पुष्कळदा अनाठायी असतो, कारण पंप दाब निर्माण करतो ही समजूतच मुळात सदोष आहे. पंप तेल पुढे ढकलतो, एवढेच त्याचे काम. त्या तेलाच्या वाटेत अडथळा आला म्हणजे दाब चढतो, जसा बागेतील नळीच्या तोंडावर अंगठा धरल्यावर चढतो. म्हणूनच प्रेसचा दट्ट्या मोकळा सरकत असताना गेजचा काटा खाली राहिला तर त्यात बिघाड काहीच नाही. रुई पुरती दबू लागल्यावरही तो वर चढत नसेल, तरच असे समजावे, की एक तर पंपाला तेल पुरेसे मिळत नाही, किंवा मिळालेले तेल दट्ट्यावर भार घालण्याऐवजी कोठल्या तरी चोरवाटेने टाकीत परत जात आहे. सारा तपास या दोन शक्यतांभोवती फिरतो.

बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालने सतराव्या शतकात मांडलेला सिद्धांत. त्यावर आधारलेल्या प्रेसचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने 1795 साली घेतले. परंतु दट्ट्याच्या कडेने पाणी निसटून जाई, आणि ही गळती रोखणाऱ्या, दाबानेच फुगून अधिक घट्ट बसणाऱ्या चामडी वाटीचे श्रेय त्याच्या कारखान्यातील हेन्री मॉड्स्ले या कारागिराला दिले जाते. म्हणजे आजच्या फिटरची डोकेदुखी यंत्राइतकीच जुनी आहे! तिची किंमत आकड्यांत पाहावी: 25 सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर दर चौरस सेंटिमीटरला 200 किलो दाब असेल तर सुमारे 98 टन जोर मिळतो, दाब 150 वर उतरला की तोच जोर 74 टनांच्या आत येतो.

तपासाचा प्रारंभ गेजपासून करावा, कारण धक्के खाऊन खाऊन बिघडलेले गेज खोटी साक्ष देते. खात्रीचे दुसरे गेज लावून पाहावे. नंतर टाकी. तेल दुधाळ वा फेसाळ दिसले तर त्यात पाणी किंवा हवा शिरली आहे. पंप खडे भरडल्यासारखा कडकडत असेल तर त्याच्या चोषणमार्गावरील जाळी तुंबली आहे, किंवा कोठला तरी सांधा हवा ओढतो आहे. प्रेसिंगच्या कारखान्यात उडणारे रुईचे तंतू टाकीवरील ब्रीदरही बंद करतात, टाकीत हवा शिरेनाशी होते, आणि पंप उपाशी राहतो. वीजजोडणीत नुकतेच काही काम झाले असल्यास मोटार उलटी तर फिरत नाही ना, हेही पाहून घ्यावे.

पंपाला तेल मिळत असेल तर संशय रिलीफ व्हॉल्व्हवर जातो. मर्यादेबाहेरचा दाब सोडून देणे हे त्याचे कर्तव्य. पण त्याच्या बैठकीत धातूचा एखादा कण अडकला किंवा स्प्रिंग मोडली, तर तो तेल अवेळीच टाकीत सोडून देतो. अशा वेळी व्हॉल्व्ह उघडून साफ करण्याऐवजी त्याचा स्क्रू आवळत सुटण्याची जी वहिवाट आहे ती घातक होय, कारण तो कण पुढे केव्हा तरी वाहून गेला की आवळलेला व्हॉल्व्ह दाब मर्यादेपलीकडे चढू देतो. योग्य परीक्षा अशी, की स्क्रू आधी सैल करून, रिलीफ व्हॉल्व्हच्या पुढची वाट बंद करावी आणि स्क्रू हळूहळू आवळत जावा. दाब यंत्राच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत नीट चढला तर पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह दोघेही निर्दोष, आणि दोष पुढे दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये किंवा सिलिंडरच्या सीलमध्ये शोधावा.

सकाळी उत्तम चालणारा प्रेस दुपारी नरम पडतो, हा प्रकार मात्र निराळा आहे. तेल 60 अंश सेल्सिअसच्या वर तापले की पातळ होते, आणि झिजलेल्या भागांतील ज्या फटींतून ते थंड असताना कष्टाने जाई, त्यांतून सहज झिरपते. कूलरवर बसलेला रुईचा थर झाडला तर काही दिवस निभावते; झीज त्याने भरून येत नाही.

कोठलाही सांधा उघडण्यापूर्वी मोटार बंद करून दाब पूर्ण उतरवावा, आणि गळती हाताने कधीही चाचपू नये; पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा. सुईएवढ्या छिद्रातून उसळणारी तेलाची धार कातडीत शिरते, आणि वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी माणसाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.