वायूनंतर उरणारे पाणी

खरकट्यापासून इंधनवायू मिळतो, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ प्रकल्प आणि पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी सिद्ध केलेले, २००६ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळविणारे घरगुती सयंत्र मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. वायूची चर्चा पुष्कळ होते; टाकीतून रोज बाहेर पडणाऱ्या पाण्याची होत नाही. वाघोडियासारख्या ठिकाणी, जेथे कारखान्यांची उपाहारगृहे आणि वसतिगृहे शेतांच्या शेजारीच आहेत, तेथे या पाण्याचा विचार टाळता येणार नाही.

बंद टाकीत हवेवाचून जगणारे जीवाणू अन्नातील कर्बाचा मिथेन आणि कर्बवायू करतात. कर्ब असा उडून जातो; नत्र मात्र जात नाही. (खताच्या गोणीमुळे ‘नत्र’ हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी रुळला, इतके भाग्य फार थोड्या पारिभाषिक शब्दांना लाभते.) प्रथिनांतील नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. साबुदाणा वा बटाटा यांत तो अल्प असतो. कर्व्यांचा भर पिष्टमय पदार्थांवर होता, हे येथे ध्यानात घ्यावे. उलट एक किलो तूरडाळीत सुमारे ३५ ग्रॅम नत्र असतो. अमोनिया फार साचला तर वायू निर्माण करणारे जीवाणूच मंदावतात. ते पाणी तळ्यात गेले तर मासे मरतात. जमिनीत अतोनात मुरले तर त्याचे नायट्रेट होऊन विहिरीत झिरपते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही आपल्याकडील मर्यादा आहे. त्याहून अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांना घातक ठरू शकते.

शुद्धीकरणाची रूढ रीत दुपदरी आहे. प्रथम हवा खेळवून अमोनियाचे नायट्रेट करावयाचे. एक ग्रॅम नत्रासाठी सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे विजेचा खर्च आलाच. नंतर हवा तोडून दुसऱ्या जीवाणूंकरवी नायट्रेटचा नत्रवायू करावयाचा. या जीवाणूंना कर्ब हवा, आणि खरी मेख येथेच आहे; तो तर आपण वायू म्हणून आधीच काढून घेतलेला! मग बाहेरून मळी घाला, नाहीतर थोडे कच्चे खरकटे राखून ठेवा. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात उजेडात आलेले अ‍ॅनामॉक्स जीवाणू कर्बाची ही अट पाळत नाहीत आणि हवाही कमी मागतात. रॉटरडॅमला २००२ पासून त्यांच्यावर मोठे सयंत्र चालू झाले. पण त्यांची वाढ अतिशय संथ आणि निगा नाजूक. वसतिगृहाच्या मागील अंगणात ते टिकतील, असे मला वाटत नाही.

शिवाय विसंगती पाहा. १९६२ साली स्थापन झालेला गुजरात राज्य खत कारखाना बडोद्यालगतच आहे. तेथे हवेतील नत्र प्रचंड दाब व उष्णता देऊन अमोनियात बांधला जातो, आणि इकडे तोच अमोनिया वीज जाळून पुन्हा हवेत सोडावयाचा! लहान सयंत्रांसाठी शेत हाच सरळ मार्ग होय. मात्र पाणी पातळ करून, पिकाच्या गरजेपुरते, मातीआड द्यावे. उघड्यावर वैशाखाच्या उन्हात अमोनिया उडून जातो. अन्नातील मीठही त्यात उतरलेले असते, तेव्हा एकाच वावरात वर्षानुवर्षे ओतू नये. पावसाळ्यात शेत हे पाणी घेत नाही. तेवढ्या काळाची साठवण-टाकी सयंत्राबरोबरच बांधली पाहिजे. पाणी द्यावे ते मक्याला वा कपाशीला. तूर आपला नत्र मुळांवरील गाठींतल्या जीवाणूंकडून मिळविते.