‘दाब’ आणि ‘विभवांतर’ : एल.सी.डी. डिस्प्लेच्या निमित्ताने

‘व्होल्टेज’साठी मराठीत ‘विद्युत्‌दाब’ व ‘विभवांतर’ अशा दोन संज्ञा रूढ आहेत. पहिली सुबोध, दुसरी क्लिष्ट मानली जाते. तथापि क्लिष्ट संज्ञाच कोठे उपकारक ठरते, याचे उदाहरण हौशी विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत आढळते.

अशा प्रयोगांत सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा एल.सी.डी. डिस्प्ले सर्रास वापरतात. त्यास ५ व्होल्टचा पुरवठा लागतो. अक्षरांचा गडदपणा मात्र तिसऱ्या पिनेवर ठरतो. ‘दाब घटला की अक्षरे पुसट होणार’ हा तर्क येथे फसतो. ती पिन शून्य व्होल्टकडे नेली असता अक्षरे उलट गडद होतात. कारण स्फटिकावर कार्य करते ते पुरवठा व ही पिन यांमधील अंतर. ‘विभवांतर’ हा समास दोन बिंदूंची आकांक्षा ठेवतो. ‘दाब’ ठेवीत नाही.

हे अंतर साधारण तापमानास सुमारे ४.५ व्होल्ट असावे लागते. म्हणून ३.३ व्होल्टवर आतील मंडल चालूनही अक्षरे बहुधा उमटत नाहीत, आणि धडधाकट डिस्प्ले बाद ठरविला जातो. उष्णतेने आवश्यक अंतर घटते. त्यामुळे हिवाळ्यात जुळविलेला डिस्प्ले गोंदियाच्या चाळीस अंशांपलीकडील उन्हाळ्यात काळवंडतो. तेव्हा १० किलो-ओहमचा प्रीसेट फिरवून तिसऱ्या पिनेचे व्होल्टेज किंचित वाढवावे.

सारांश, सुबोधता हा परिभाषेचा एकमेव निकष नव्हे. जी संज्ञा योग्य प्रश्न विचारावयास लावते, ती अध्यापनात टिकवावी.