चंद्रलांबेच्या अंगणातला अशोक

पंढरपूरची भीमा कर्नाटकात उतरते, गाणगापूरला दत्ताच्या पादुकांपाशी येते आणि पुढे कलबुरगी जिल्ह्यातल्या सन्नतीला पोचते. गाणगापूरपर्यंत मराठी माणसाची पावलं सवयीने जातात. सन्नतीला जातात ती बहुधा चंद्रलांबा ज्यांची कुलदेवता आहे तीच कुटुंबं. कुळधर्म करायचा, देवीची ओटी भरायची आणि परतायचं.

देवीची कथा दूरच्या हिंगुळेशी, बलुचिस्तानातल्या हिंगलाजशी जोडलेली. नारायण मुनींची पत्नी चंद्रवदना सेतुराजाने पळवली. मुनींनी हिंगुळेला साकडं घातलं. मागे वळून पाहायचं नाही, या अटीवर देवी त्यांच्या पाठोपाठ निघाली. भीमा-कागिणा संगमावर होनगुंट्याला पैंजणांचा आवाज थांबला, मुनींनी वळून पाहिलं आणि देवी तिथेच राहिली. सन्नतीत भ्रमर होऊन राजावर तुटून पडली, तीही देवीच, असं भक्त मानतात.

सन्नतीतल्या चंद्रलांबेच्या देवळाच्या आवारातल्या काली मंदिराचं छत 1986 मध्ये कोसळलं आणि मूर्तीखालची शिळा उघडी पडली. तिच्या दोन्ही बाजूंवर ब्राह्मी अक्षरं होती. सम्राट अशोकाची आज्ञा! मूर्ती बसवण्यासाठी कुणीतरी लेखाच्या मधोमध खाच पाडली होती. अक्षरं गेली याची हळहळ वाटतेच. पण देवीचं आसन झाली म्हणूनच ही शिळा जपली गेली, असं मला वाटतं.

शिळेवर अशोकाच्या क्रमवार शिलालेखांतली बारावी आणि चौदावी आज्ञा आहे, शिवाय दोन स्वतंत्र आज्ञा. या दोन आज्ञा तोवर कलिंगातल्या धौली आणि जौगडलाच माहीत होत्या. त्या भीमाकाठी कशा आल्या, यावर अभ्यासक आजही विचार करतात. बारावी आज्ञा सर्व पंथांचा आदर करायला सांगते, दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाचं नुकसान करतो असं बजावते. ती आज्ञा शतकानुशतकं कालीच्या पायाखाली होती.

जवळच कनगनहळ्ळी आहे. पुरातत्त्व खात्याने 1994 पासून केलेल्या उत्खननात तिथे मोठा बौद्ध स्तूप सापडला. सातवाहन राजांची शिल्पं निघाली. आणि राणी, छत्र, चामरधारिणींसह एक राजा, ज्याच्यावर ब्राह्मीत नावच कोरलंय: ‘राया असोको’. अशोकाचं नाव कोरलेलं शिल्प मिळणं ही फार दुर्मीळ गोष्ट.

कुळधर्माला सन्नतीला जाल तेव्हा ओटी भरून लगेच गाडीत बसू नका. मुलांना घेऊन कनगनहळ्ळीला जा आणि त्यांना अशोकाचं ते शिल्प दाखवा.